एक पायरी पुढचा माणूस



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने पुंजयामिकीवर बोलायला उभे राहावे, हे पाहून आपल्यापैकी कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यात गैर काही नाही. आम्ही पदवीधर नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि पाळी सुटल्यानंतरच्या रात्री शिकलो. तेव्हा कॉलेजात ज्याला क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात ते शास्त्र आपल्याला शिकवावे, असा आमचा मुळीच आव नाही. आम्हाला सांगायची आहे ती एका प्रश्नाची हकीकत. हे शास्त्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे गेले? जो अडला त्याला कोणी हात दिला, आणि कसा दिला? हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि जो प्रश्न हात देण्याघेण्याचा आहे, तो संघटनेच्या माणसाला परका असू शकत नाही.

या विषयाकडे आम्हाला ओढले ते एका मुलाने. त्र्यंबकच्या पलीकडल्या एका पाड्यावरचा हा मुलगा. बाप सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. मुलगा रोज एसटीने नाशिकला जाऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात पदार्थविज्ञान शिकत होता. एके दिवशी बापाच्या थकलेल्या पगाराच्या कामासाठी तो कचेरीत आला. काम झाल्यावरही तो उठेना. मग हळूच म्हणाला, "भाऊ, मी शिक्षण सोडतोय. कुठे काम असलं तर सांगा."

"का रे? फी राहिली का?"

"फी नाही. मला काही समजतच नाही. पहिल्याच धड्यातली गणितं येत नाहीत."

त्याने वही पुढे केली. प्रत्येक गणिताखाली उत्तर होते. सुवाच्य, शेवटपर्यंत सोडवलेले. ते सगळे कुणाच्या तरी वहीतून उतरवलेले होते. "वर्गात विचारलं नाहीस?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "सगळ्यांना येतं. मी एकटाच विचारायचा म्हणजे..." वाक्य त्याने पुरे केले नाही. ते पुरे करण्याची गरजही नव्हती. चाळीस माणसांच्या खात्यात पगारचिठ्ठी न समजणारा प्रत्येक जण आपण एकटेच अडाणी असे समजून गप्प बसतो, आणि असे चाळीसही जण गप्प बसलेले असतात, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

गणितात मदत करण्याइतकी आमची तयारी नव्हती. तथापि एक गोष्ट आम्ही करू शकत होतो. ज्यांनी हे शास्त्र निर्माण केले ते स्वतः कधी अडले होते काय, हे शोधता येत होते. शोधले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

या शास्त्राची पहिली ठिणगी १९०० सालच्या डिसेंबरातली. बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी असे मांडले की, तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा हिशेब लागायचा असेल, तर ऊर्जा अखंड धारेने नव्हे तर ठरावीक पुंजक्यांनी दिली-घेतली जाते असे धरावे लागते. पाणी नळाने यावे तसे नव्हे, तर मापाने यावे तसे. पुढे पंचवीस वर्षे मोठमोठे लोक या पुंजक्यांशी झगडले, पण त्याचे नीट गणित बसेना.

ते बसले १९२५ साली, आणि ज्याने ते बसवायला प्रारंभ केला तो वेर्नर हायझेनबर्ग त्या वेळी अवघा तेवीस वर्षांचा होता. परागज्वराने बेजार होऊन तो हेल्गोलँड नावाच्या बेटावर जाऊन राहिला होता. तेथे त्याने एक विचित्र हिशेब मांडला. त्यात दोन राशींचा गुणाकार उलटसुलट केला की उत्तर बदलत असे. पाच गुणिले तीन आणि तीन गुणिले पाच यांत फरक पडावा, असा तो प्रकार. हे काय आहे ते त्याचे त्यालाच कळेना. जुलै महिन्यात त्याने तो लेख ग्योटिंगेन येथील आपले वरिष्ठ माक्स बॉर्न यांच्या हाती दिला. बॉर्न यांनी विचार करता करता ओळखले की हे मॅट्रिक्सचे गणित आहे. विद्यार्थिदशेत ते त्यांनी ऐकले होते. ज्याने नवे शास्त्र काढले त्याला मॅट्रिक्स म्हणजे काय हे ठाऊक नव्हते! मग बॉर्न यांनी पास्कुआल योर्डान या बावीस वर्षांच्या तरुणाला मदतीस घेतले, आणि वर्षअखेरीपर्यंत तिघांनी मिळून त्या शास्त्राची उभारणी केली.

दुसरा प्रवर्तक एर्विन श्रोडिंगर. १९२६ च्या प्रारंभी त्यांचे समीकरण प्रसिद्ध झाले, जे आज पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला भेटतेच. त्या वेळी ते झुरिकला प्राध्यापक होते, वय अडतीस. हायड्रोजनच्या अणूसाठी ते समीकरण सोडवताना ते अडले, तेव्हा त्यांनी गणिती हेर्मान वाइल यांना विचारले. आणि ज्या लेखाने ते अमर झाले त्याच लेखात वाइल यांचे आभार मानले. आभाराची ती ओळ आम्हाला समीकरणाइतकीच मोलाची वाटते. श्रोडिंगरला जर गणित विचारण्याची लाज वाटली नाही, तर त्र्यंबकच्या पोराला ती का वाटावी?

आपल्या देशातले उदाहरण तर याहून बोलके आहे. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस ढाक्याच्या विद्यापीठात रीडर होते. वर्गात प्लांकचा नियम शिकवायचा, आणि त्याची जी सिद्धता पुस्तकात होती ती त्यांना स्वतःलाच पटत नव्हती. न पटलेली गोष्ट मुलांपुढे दडपून मांडायची नाही, या एका आग्रहातून त्यांनी नवी सिद्धता काढली. ती विलायतेतील नियतकालिकाने छापली नाही. तेव्हा तीस वर्षांच्या त्या मास्तराने ४ जून १९२४ रोजी थेट आइन्स्टाइनना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा की, आपली ओळख नाही, परंतु आपल्या लेखनातून आम्ही सगळे आपले शिष्यच आहोत, म्हणून मागायला संकोच वाटत नाही. लेख योग्य वाटला तर छापण्याची व्यवस्था करावी. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापविला. आज जगातल्या मूलकणांच्या एका मोठ्या वर्गाला 'बोसॉन' म्हणतात ते याच बोसांच्या नावावरून. हे कण म्हणजे ज्यांचे नियम बोसांच्या गणनेने चालतात ते; उरलेल्यांचे नाव फर्मींवरून पडले. एका शिक्षकाने वर्गातल्या अडचणीचा प्रामाणिकपणे पाठपुरावा केला आणि अनोळखी माणसाकडे मदत मागितली, त्याचे हे फळ.

आता मुंबईकडे येऊ. पॉल डिरॅक हे या शास्त्राचे तिसरे प्रवर्तक. १९३३ चे नोबेल पारितोषिक त्यांना श्रोडिंगरबरोबर मिळाले. १९५४ साली त्यांना अमेरिकेत वर्षभर जायचे होते. परंतु तेथील सरकारने व्हिसा नाकारला, आणि ते त्या वर्षी हिंदुस्थानात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तेथे डिरॅक यांनी पुंजयामिकीवर व्याख्याने दिली, आणि त्यांची टिपणे के. के. गुप्ता व जॉर्ज सुदर्शन या दोन तरुणांनी तयार केली. ती १९५५ साली संस्थेने प्रसिद्ध केली. सुदर्शन तेव्हा तेवीस वर्षांचे होते. पुढे ते जगन्मान्य शास्त्रज्ञ झाले. पण त्या दिवसांत ते ऐकणारे आणि लिहून घेणारे होते. ऐकलेले दुसऱ्याला समजेल असे लिहून काढणे, हेही मदतीचेच काम आहे.

याच डिरॅकसाहेबांची एक आख्यायिका सांगतात. एका व्याख्यानानंतर कोणी उठून म्हणाला, फळ्यावरचे ते समीकरण मला समजले नाही. डिरॅक गप्प. अध्यक्षांनी आठवण केली, तेव्हा ते म्हणाले की तो प्रश्न नव्हता, ते विधान होते. लोक ही गोष्ट त्यांच्या विक्षिप्तपणाचा मासला म्हणून सांगतात. आम्हाला मात्र तिच्यात या विषयाचे मर्म दिसले. "मला काही समजत नाही" हे आमच्या मुलाचे वाक्यही विधानच होते. विधानाला मदत करता येत नाही. मदत प्रश्नाला करता येते. परंतु डिरॅक तेथे थांबले, आणि खरी मदत तेथूनच पुढे सुरू होते. विधानातून प्रश्न कसा काढायचा हे अडलेल्याला बहुधा एकट्याने साधत नाही. ते त्याच्याजवळ बसून कोणीतरी करून द्यावे लागते.

हे कोणी करावे? १९५४ साली त्या यॉट क्लबपासून परळ-लालबागच्या गिरण्या काही कोसांवर होत्या. तेथल्या साच्यावरच्या कामगाराच्या मुलाला त्या दालनापर्यंत नेणारी वाट होती काय? वाट बांधणारे काही लोक होते, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. हायझेनबर्गच्या शोधाला तीनच वर्षे झाली होती, तेव्हा १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे मराठी विज्ञानमासिक निघाले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. बोसांनी कलकत्त्यास १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी परिषद काढली होती, तिचीच ही धाकटी बहीण म्हणा. मराठी विश्वकोशाने 'पुंज' हा शब्द घराघरात नेला. टाटा संस्थेतलेच भालचंद्र उदगावकर हे सैद्धांतिक भौतिकीचे अभ्यासक. त्यांनी आणि वि. गो. कुलकर्णी यांनी शाळेतल्या विज्ञानाचा ध्यास घेतला, आणि त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा भागातल्या खेड्यांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांत या केंद्राने काम केले. त्यांना एक गोष्ट ठळकपणे आढळली. विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा सोपी केली की गरीब घरच्या मुलांची समज लक्षणीय वाढते. मुलाला विज्ञान अडत नव्हते. विज्ञानाच्या दारातली भाषा अडत होती.

आमच्या मुलाचेही तेच होते, हे पुढे कळले. कचेरीत येणाऱ्या एका कामगाराची पुतणी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होती. या मुलापेक्षा एकच वर्ष पुढे. तिला आम्ही विनंती केली, आणि एका रविवारी दोघे कचेरीत बसले. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. तिने उतरवलेली वही मिटून ठेवली. "यातलं नको. तू स्वतः जिथपर्यंत गेलास ते दाखव," एवढेच म्हणाली.

गणित असे होते. एक इलेक्ट्रॉन एका खोक्यात कोंडला आहे. भिंती अशा की तो बाहेर पडूच शकत नाही. त्याच्या ऊर्जा कोणकोणत्या असू शकतील? मुलाने समीकरण मांडले होते आणि त्याचे उत्तर साइन व कोसाइन या दोन लाटांच्या मिश्रणाचे आहे इथवर तो आला होता. पुढे इंग्रजीत 'बाउंडरी कंडिशन' असे शब्द होते आणि तेथे त्याची गाडी थांबली होती.

तिने विचारले, "तुझ्या घरी वीणा आहे ना?" घर वारकरी होते; पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीत आजोबांच्या गळ्यात वीणा असे. "तार कुठे हलत नाही?" तो म्हणाला, दोन टोकांना, जिथे बांधली तिथे. "मग तुझी लाट भिंतीपाशी किती असेल?" तो म्हणाला, शून्य. "पहिल्या भिंतीपाशी कोसाइन शून्य असते का?" नाही, एक असते. त्याने आपल्या हाताने कोसाइनवर काट मारली. दुसऱ्या भिंतीपाशीही लाट शून्य व्हायची, म्हणजे खोक्याच्या लांबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येनेच बसल्या पाहिजेत: एक, दोन, तीन. साडेतीन नव्हे. पुंजक्यांचे गूढ त्याला आजोबांच्या वीणेत सापडले!

मग त्याने स्वतःहून प्रश्न विचारला, तोच आमच्या मते त्या दिवसाचा विजय होता. "एकपासून का? शून्यापासून का नाही?" ती म्हणाली, शून्य घालून पाहा. घातले, तर लाट सगळीकडेच शून्य झाली. येथे आम्हालाही बोलल्यावाचून राहवले नाही. आम्ही म्हटले, "अरे, हजेरीपट पूर्ण कोरा, म्हणजे कामगार पाळीवर आलाच नाही." ती हसली आणि म्हणाली, "बरोबर आहे भाऊ. आणि आला असेल, तर सगळ्या शेडमधली हजेरी मिळून एकच भरली पाहिजे, दीड नाही, पाऊण नाही." याला ते लोक नॉर्मलायझेशन म्हणतात. मुलाचे उत्तर तेथे नेहमी चुकत असे, कारण तो शेवटी वर्गमूळ घ्यायला विसरत असे. हजेरी लाटेची नसते, लाटेच्या वर्गाची असते, हे एकदा कळल्यावर ती चूक पुन्हा झाली नाही.

पण तिने त्याला उपमेवर विसंबूही दिले नाही, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. वीणेच्या तारेचे कंपन एक, दोन, तीन अशा पटीने वाढते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा मात्र एक, चार, नऊ अशी वाढते. का? लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ च्या आपल्या प्रबंधात मांडले तसे, लाट जितकी आखूड तितका कणाचा संवेग जास्त; आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गाने वाढते. "वीणा इथपर्यंतच. इथून पुढे गणित," असे ती म्हणाली. मग त्याने आकडे घातले. मीटरच्या अब्जाव्या भागाएवढे खोके घेतले, तर पहिली ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरी १.५, तिसरी ३.४. खोके निम्मे केले तर सगळ्या चौपट. तीन तास गेले आणि गणित एकच झाले. परंतु ते गणित त्याचे होते.

श्रोतेहो, उतरवलेली वही आणि हे तीन तास, दोन्हींना लोक मदतच म्हणतात. पहिल्या मदतीत उत्तर मिळते आणि माणूस आणखी परावलंबी होतो. दुसरीत उत्तर उशिरा मिळते, पण पुढच्या वेळी हात लागत नाही. पैसेवाल्याचा मुलगा अडला की त्याला शिकवणी लावतात आणि त्याला कोणी कमीपणा मानत नाही. कंत्राटी कामगाराचा मुलगा अडला की तो स्वतःच स्वतःला मठ्ठ ठरवून घरी बसतो. अडणे दोघांचे सारखेच; फरक आहे तो शेजारी बसणाऱ्या माणसाचा. हा आम्हाला शिक्षणातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, कारण तो कोणत्याही फीच्या पावतीवर दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर होऊन गेले. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करीत त्यांनी एकट्याने संख्यांचे खेळ शोधले. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगात ओळखली जाते. परंतु अशा एकाकी तपश्चर्येवर गावाने आपली मुले सोडून देऊ नयेत. कापरेकर एखादाच असतो. आणि संख्या कागदावर समोर दिसतात तरी; पुंजयामिकीत डोळ्यांनी पाहून पडताळावे असे काहीच हाती नसते. तेथे सोबती लागतोच.

आपण त्र्यंबकेश्वरी बसलो आहोत. निवृत्तिनाथांची समाधी येथे आहे. परंपरा सांगते की, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने पांगापांग झाली, बाल निवृत्ती चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला आणि तेथे त्याला उपदेश मिळाला. तो त्याने आपल्याजवळ ठेवला नाही. ज्ञानदेवांचा तो गुरू झाला, आणि त्या गुरूचे वय शिष्यापेक्षा किती जास्त होते? परंपरेच्या हिशेबाने दोन वर्षे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी मराठीत अवतरली, तिच्या मागे हा दोन वर्षांनी मोठा भाऊ उभा आहे. अध्यात्म आणि पदार्थविज्ञान यांची आम्ही गल्लत करीत नाही. तशी करणाऱ्यांचा आम्हाला कंटाळाच आहे. आम्ही बोलतो ते केवळ शिकण्याच्या रीतीविषयी. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना शिखरावरचा माणूस हात देऊ शकत नाही; देतो तो एक पायरी पुढचा. योर्डान, सुदर्शन, आमची ती एम.एस्सी.ची मुलगी, हे सारे एक पायरी पुढचे लोक.

कामगारांना ही रीत नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि तिने गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. तेच जोशी पुढे १९२० साली देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या संस्थापकांत होते. आधी शाळा आणि मग संघटना, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे, आणि ती सरकारकडे नसून आपल्याकडे आहे. गावाने एक खोली, एक फळा आणि आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी. जे वर्षभर पुढे आहेत त्यांनी मागच्यांशेजारी बसावे. तेथे एकच नियम असावा: सोडवलेली वही आणायची नाही, अडलेली आणायची.

तो मुलगा शिक्षण सोडून गेला नाही. परवा कचेरीत आला तेव्हा बरोबर दुसऱ्या वर्षातला एक पोरगा होता, वही छातीशी घट्ट धरून बसलेला. आम्ही पेपर वाचीत होतो. पलीकडून शब्द कानावर आले, "यातलं नको. तू जिथपर्यंत गेलास ते दाखव."